ऑफिसचं बिऱ्हाड हलतं तेव्हा

२० नोव्हेंबर २०१७. ब्रसेल्समध्ये युरोपीय संघाच्या सत्तावीस देशांचे मंत्री एका ऑफिसचा नवा पत्ता ठरवायला जमले होते. एकोणीस शहरांनी ते ऑफिस आपल्याकडे यावं म्हणून अर्ज केले होते. मतदानाच्या तिसऱ्या फेरीत मिलान आणि ॲमस्टरडॅम यांना तेरा-तेरा मतं पडली आणि एक देश तटस्थ राहिला. मग चिठ्ठ्या टाकल्या आणि ॲमस्टरडॅमची चिठ्ठी निघाली. लंडनच्या कॅनरी वॉर्फ भागात काम करणाऱ्या सुमारे नऊशे माणसांनी पुढे कुठे राहायचं, त्यांच्या मुलांनी कोणत्या शाळेत जायचं, जोडीदाराने नोकरी सोडायची की नाही, हे सगळं त्या एका चिठ्ठीला बांधलेलं होतं.

ते ऑफिस होतं युरोपियन मेडिसिन्स एजन्सीचं. युरोपात नवं औषध विक्रीला येण्याआधी त्याची शास्त्रीय छाननी ही संस्था करते आणि ते बाजारात आल्यावर त्याच्या दुष्परिणामांवर नजर ठेवते. १९९५ पासून ती लंडनमध्ये होती. जून २०१६ मध्ये ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला आणि संघाची ही संस्था संघाबाहेरच्या देशात राहू शकणार नाही हे स्पष्ट झालं. बाहेर पडण्याची तारीख पुढे २९ मार्च २०१९ अशी ठरली. म्हणजे शहर ठरल्यापासून हाताशी जेमतेम सोळा महिने होते. त्या सोळा महिन्यांत एक दिवससुद्धा काम बंद ठेवण्याची सोय नव्हती, कारण पन्नास कोटींच्या आसपास लोकांची औषधं त्या कामावर अवलंबून होती.

ऑफिस हलवणं म्हटलं की खोकी, ट्रक, भाडेकरार आणि नव्या जागेचा नकाशा डोळ्यांपुढे येतो. त्या गोष्टी पैसे मोजून करून घेता येतात आणि त्यासाठी तरबेज माणसंही मिळतात. टीमच्या प्रमुखाच्या वाट्याला उरतं ते याहून अवघड असतं: कोण येणार, कोण येणार नाही, जे येणार नाहीत त्यांच्या डोक्यातलं काम कोणाकडे जाणार आणि या सगळ्या धावपळीत रोजच्या कामातलं काय सोडून द्यायचं. या चार प्रश्नांना लंडनच्या या संस्थेने कसं तोंड दिलं ते पाहण्यासारखं आहे, कारण तिने उत्तरं शोधायला नवा पत्ता कळण्याची वाट पाहिली नाही.

सार्वमतानंतर लगेच संस्थेत तयारीसाठी एक वेगळं पथक नेमलं गेलं. शहर ठरायच्या दोन महिने आधी, सप्टेंबर २०१७ मध्ये, कर्मचाऱ्यांना थेट विचारण्यात आलं: या एकोणीस शहरांपैकी कुठे गेलो तर तुम्ही याल? उत्तरं धक्का देणारी होती. पाच शहरांच्या बाबतीत ६५ टक्क्यांहून अधिक लोक यायला तयार होते आणि ॲमस्टरडॅम त्यांत सगळ्यांत वर होतं. काही शहरांच्या बाबतीत मात्र हा आकडा ३० टक्क्यांच्याही खाली होता. संस्थेने हे निष्कर्ष दडवले नाहीत, जाहीर केले. तिथे गेलात तर संस्था मोडेल, असं मतदान करणाऱ्या मंत्र्यांना त्यातून आधीच कळलं. स्वतःच्या माणसांची नाराजी आकड्यांत मांडून वरच्यांसमोर ठेवायला धैर्य लागतं. बहुतेक व्यवस्थापक अशा वेळी ‘आमची टीम तयार आहे’ एवढंच कळवतात आणि मग राजीनामे यायला लागले की चकित होतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आणि क्वचित घडणारी. संस्थेने आपल्या सगळ्या कामांची तीन गटांत विभागणी केली. रुग्णांच्या सुरक्षिततेशी थेट संबंध असलेलं काम पहिल्या गटात आलं. ते कोणत्याही परिस्थितीत चालू राहणार होतं. सगळ्यांत कमी निकडीचं काम तिसऱ्या गटात टाकलं आणि मे २०१७ पासून ते टप्प्याटप्प्याने खरोखर थांबवायला सुरुवात झाली. औषधांची माहिती देणाऱ्या नव्या वेब पोर्टलचं काम बाजूला पडलं. औषध कंपन्यांच्या चाचण्यांचे अहवाल आपणहून प्रसिद्ध करण्याचा, पारदर्शकतेसाठी वाखाणला गेलेला उपक्रमही पुढे थांबवण्यात आला. यावर टीका झाली आणि ती रास्तही होती. पण हा निर्णय उघडपणे, कारण सांगून आणि आधी घेतलेला होता. ज्या संस्था असं काही ठरवत नाहीत त्यांचीही कामं थांबतातच. फक्त कोणतं थांबलं ते महिनाभराने, ग्राहकाचा फोन आल्यावर कळतं.

तिसरा प्रश्न हस्तांतरणाचा. ब्रिटनच्या औषध नियामकाकडे युरोपसाठी मंजूर झालेल्या ३७० हून अधिक औषधांची देखरेख होती. एप्रिल २०१८ पर्यंत त्यांतल्या प्रत्येक औषधासाठी उरलेल्या सत्तावीस देशांतला नवा जबाबदार तज्ज्ञ ठरवला गेला. म्हणजे प्रत्यक्ष निघण्याच्या जवळजवळ वर्षभर आधी. जुना माणूस अजून टेबलावर आहे, फोन उचलतो आहे, ‘या फाईलमध्ये ही मेख आहे’ असं सांगू शकतो आहे, तोवरच नवा माणूस शेजारी बसवायचा. तो गेल्यावर त्याची फाईल वाचून त्याच्या मनात काय होतं ते ओळखता येत नाही.

तरीही माणसं गेलीच. ऑगस्ट २०१८ मध्ये संस्थेने स्वतःच सांगितलं की सुमारे ३० टक्के कर्मचारी गमवावे लागतील. डच कामगार कायद्यात बसत नसल्यामुळे अल्पमुदतीच्या करारावरच्या शंभरहून अधिक लोकांना सोबत नेता येणार नव्हतं. ॲमस्टरडॅममधली कायमची इमारत वेळेत तयार होणं शक्य नव्हतं, म्हणून मार्च २०१९ मध्ये स्लोटरडाईक भागातल्या तात्पुरत्या इमारतीत बस्तान मांडलं आणि जानेवारी २०२० मध्ये तिथून पुन्हा उचलून झाउडास भागातल्या नव्या वास्तूत नेलं. दहा महिन्यांत दोनदा बिऱ्हाड. दोन महिन्यांत करोना आला आणि ती नवी इमारतही रिकामी झाली. पण २१ डिसेंबर २०२० रोजी युरोपातल्या पहिल्या करोना लशीला मंजुरी देण्याची शिफारस याच संस्थेने केली, तीही विस्कळीत झालेल्या आणि बव्हंशी घरून काम करणाऱ्या टीमकडून. तिसऱ्या गटातली कामं वेळेवर खाली ठेवल्यामुळे पहिल्या गटाचा कणा शाबूत राहिला होता, हे त्यामागचं एक कारण नक्कीच आहे.

एका गोष्टीने मात्र संस्थेला घोर लावला. लंडनच्या इमारतीचा करार २०३९ पर्यंतचा होता आणि त्यातून मुदतीआधी बाहेर पडण्याची वाट ठेवलेली नव्हती. ब्रेक्झिटमुळे हा करार निष्फळ ठरतो, असा दावा संस्थेने लंडनच्या उच्च न्यायालयात केला. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने तो मान्य केला नाही. उरलेल्या वर्षांचं सुमारे ५० कोटी पौंड भाडं डोक्यावर राहिलं आणि अखेर जुलै २०१९ मध्ये ती जागा वीवर्क या कंपनीला पोटभाड्याने द्यावी लागली. जागेच्या करारात मुदतीआधी सुटण्याचं कलम आहे का, हे पाहणं कायदा विभागाचं काम असलं, तरी ऑफिस हलवणाऱ्या प्रमुखाने ते कलम स्वतः एकदा वाचलेलं बरं.

याच काळात अटलांटिकपलीकडे नेमकं उलटं घडत होतं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या दोन संस्था, शेतीच्या अर्थकारणाचा अभ्यास करणारी इकॉनॉमिक रिसर्च सर्व्हिस आणि कृषी संशोधनाला अनुदान देणारी नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फूड अँड ॲग्रिकल्चर, वॉशिंग्टनहून हलवायचं ठरलं. १३ जून २०१९ रोजी कान्सास सिटी परिसराचं नाव जाहीर झालं. येणार की नाही हे कळवायला कर्मचाऱ्यांना १५ जुलैपर्यंत मुदत मिळाली. वर्षानुवर्षं एका शहरात रुजलेल्या संशोधकाला सगळं कुटुंब हलवण्याचा विचार करायला जेमतेम महिना. घोषणेच्या सभेत काही कर्मचारी कृषिमंत्र्यांकडे पाठ करून उभे राहिले. ज्यांना हलायला सांगितलं होतं त्यांच्यापैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांनी यायला नकार दिला किंवा उत्तरच दिलं नाही. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने डिसेंबर २०२२ मध्ये जो अहवाल दिला त्यात नोंद आहे की एका संस्थेचे अहवाल कमी झाले आणि दुसरीला अनुदानाचे अर्ज निकाली काढायला जास्त वेळ लागू लागला. दोन वर्षांनी माणसांची संख्या भरून निघाली, पण त्यातले बहुतेक नवे होते आणि जुन्यांचा अनुभव त्यांच्याकडे नव्हता.

ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची कथाही याच जातीची, फक्त तिचा परिणाम दिसायला जास्त वर्षं लागली. २००४ च्या एका सरकारी आढाव्यानंतर या कार्यालयाची लंडनमधली पदं वेल्समधल्या न्यूपोर्टला हलवण्यात आली. लंडनमधल्या जवळपास ९० टक्के कर्मचाऱ्यांनी जायला नकार दिला. बँक ऑफ इंग्लंडचे माजी डेप्युटी गव्हर्नर चार्ल्स बीन यांनी २०१६ मध्ये देशाच्या आर्थिक आकडेवारीचा आढावा घेतला, तेव्हा तज्ज्ञ गमावल्याने कार्यालयाच्या क्षमतेला आणि आकड्यांच्या दर्जाला मोठी झळ बसल्याचं त्यांनी स्पष्ट लिहिलं. खर्च वाचवण्याचा हिशेब मांडताना माणसाच्या अनुभवाची किंमत कोणत्याही रकान्यात लिहिलेली नसते, म्हणून ती शून्य धरली जाते.

माणसं नकार देतात ती हट्टाने नव्हे. त्यांच्या नकारामागे जोडीदाराची नोकरी असते, दहावीतली मुलगी असते, डायलिसिसवरचे वडील असतात. टोयोटा कंपनीने २०१४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतलं मुख्यालय कॅलिफोर्नियातल्या टॉरन्सहून टेक्सासमधल्या प्लेनोला नेण्याचं जाहीर केलं तेव्हा हे ध्यानात ठेवलं होतं. नवं संकुल २०१७ मध्ये सुरू झालं, म्हणजे कुटुंबांना तीन वर्षं मिळाली. नवं गाव आधी पाहून येण्याची सोय कंपनीने केली. सत्तर टक्क्यांहून अधिक लोक सोबत गेले.

महाराष्ट्रात अशा स्थलांतराचा मोठा धडा ऑफिसांतून नव्हे, बाजारातून मिळतो. मुंबईचा घाऊक बाजार शहराच्या पोटातून उचलून नवी मुंबईत वाशीला नेण्यात आला. कांदा-बटाटा १९८१ मध्ये गेला, भाजीपाला आणि फळं १९९६ मध्ये. व्यापाऱ्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला. पण गाळे हलले तरी पाठीवर गोणी वाहणारा माथाडी कामगार हलला नसता तर बाजार एक दिवसही चालला नसता. यातले बहुतेक कामगार साताऱ्याकडच्या खेड्यांतून आलेले, मुंबईत दाटीवाटीने राहणारे. बाजाराबरोबर त्यांच्या घरांचाही प्रश्न पुढे आला आणि कोपरखैरणे, घणसोली या भागांत सिडकोच्या माथाडी वसाहती उभ्या राहिल्या. काम जिथे गेलं तिथे घर मिळालं. आज त्या वसाहतींतली दुसरी-तिसरी पिढी नवी मुंबईचीच झाली आहे. नियोजनाच्या पुस्तकांत या उदाहरणाला जितकं स्थान मिळायला हवं तितकं मिळालेलं नाही.

हिरे व्यापाऱ्यांची गोष्ट वेगळी. ऑपेरा हाऊसच्या पंचरत्न आणि प्रसाद चेंबर्सच्या जिन्यांवर, फुटपाथवर, चर्नी रोड स्टेशनच्या आसपास हा धंदा विश्वासावर चाले. वांद्रे-कुर्ला संकुलात वीस एकरांवर, अडीच हजारांच्या आसपास ऑफिसं असलेलं भारत डायमंड बोर्स २०१० मध्ये सुरू झालं, तरी अनेकांचा पाय ऑपेरा हाऊसमधून निघत नव्हता. १३ जुलै २०११ रोजी तिथे बॉम्बस्फोट झाला आणि त्यानंतर स्थलांतराला वेग आला. लहान दलालाला जुन्या गल्लीत दिवसातून पन्नास माणसं सहज भेटत. त्याच्या दृष्टीने नव्या चकाचक संकुलाचं मोल ती पन्नास माणसं तिथे येईपर्यंत फार नव्हतं. एकटं कुणीच आधी जायला तयार नसतं, हा समूहाच्या स्थलांतरातला खरा पेच आहे.

बहुतेक टीमना मात्र देश किंवा राज्य ओलांडावं लागत नाही. नरिमन पॉइंटहून ऐरोली, मगरपट्ट्याहून हिंजवडी, एवढाच तो प्रवास असतो आणि नेमकं म्हणूनच तो हलक्यात घेतला जातो. नरिमन पॉइंटचं ऑफिस ऐरोलीला गेलं की डोंबिवलीच्या माणसाचं भलं होतं: ठाण्याला गाडी बदलली की झालं. विरारच्या माणसाचा मात्र चर्चगेटपर्यंतचा सरळ रस्ता तुटतो आणि दादर, ठाणे असं करत जावं लागतं. हडपसरच्या माणसाला हिंजवडी गाठायला अख्खं पुणं ओलांडावं लागतं. एकाच टीममध्ये एकाचा दिवसाचा तास वाचतो आणि दुसऱ्याचे दोन तास जातात. ‘सरासरी प्रवास तेवढाच राहील’ हे वाक्य अशा वेळी कुणालाच लागू पडत नाही. प्रत्येकाच्या नावापुढे राहण्याचं ठिकाण, आत्ताचा प्रवास आणि नंतरचा प्रवास असा साधा तक्ता प्रमुखाने स्वतः बसून केला, तर कामाची वेळ कुणासाठी अर्धा तास पुढे-मागे करायची, घरून कामाचे दिवस कुणाला द्यायचे आणि कंपनीची बस कोणत्या स्टेशनवरून सोडायची याची बरीच उत्तरं त्यातच सापडतात. पाळणाघराची वेळ चुकणारी आई आणि उशिराच्या शिफ्टनंतर निर्जन रस्त्याने चालणारी मुलगी त्या तक्त्यात सगळ्यांत आधी दिसायला हव्यात. वाहतूक बदलते तसा हा तक्ताही बदलतो: ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ कफ परेडपर्यंत धावू लागली आणि दक्षिण मुंबई ते वांद्रे-कुर्ला संकुल या प्रवासाचं गणितच पालटलं.

नव्या जागेत कोण कुठे बसणार, हा वरवर किरकोळ वाटणारा प्रश्नही तितका किरकोळ नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले प्राध्यापक थॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकात इंजिनीअरांच्या बोलण्याचा अभ्यास केला. टेबलांमधलं अंतर वाढतं तसं बोलणं झपाट्याने घटतं आणि पन्नास मीटरच्या पुढे ते जवळजवळ संपतं, असं त्यांना दिसलं. मग सगळ्या भिंती पाडून एकच मोठा हॉल केला तर? हार्वर्डचे ईथन बर्नस्टाइन आणि स्टीफन टर्बन यांनी दोन मोठ्या कंपन्यांच्या मुख्यालयांत ते मोजलं आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध केलं. भिंती गेल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी कमी झालं आणि ईमेल वाढले. सगळ्यांच्या नजरेखाली बसलेला माणूस हेडफोन लावतो आणि स्क्रीनमध्ये शिरतो. तेव्हा जवळ बसवावं, पण उघड्यावर टाकू नये.

टीमच्या प्रमुखाला सगळ्यांत उपयोगी पडेल असा प्रयोग मात्र इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठातला आहे. क्रेग नाइट आणि ॲलेक्स हॅस्लम यांनी २०१० मध्ये तो प्रसिद्ध केला. काहींना ओकीबोकी जागा दिली, काहींना झाडं आणि चित्रं लावून सजवलेली, तर काहींना ती झाडं-चित्रं स्वतःच्या मनाने मांडायला सांगितली. स्वतः मांडणी केलेल्यांची कामाची गती ओक्याबोक्या जागेतल्यांपेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी जास्त निघाली. चौथ्या गटालाही आधी मनासारखं मांडू दिलं, पण मग प्रयोग घेणाऱ्यांनी ती मांडणी त्यांच्यादेखत बदलून टाकली. त्या गटाचा सगळा फायदा पुसला गेला. ‘तुमचं मत सांगा’ म्हणून विचारायचं आणि शेवटी मुख्यालयाने पाठवलेला नकाशाच लादायचा, हे किती ठिकाणी घडतं ते नोकरी करणाऱ्या कुणालाही सांगायला नको. विचारायचं असेल तर निदान आपल्या कोपऱ्यापुरतं ठरवण्याचा अधिकार खरोखर द्यावा.

कागदपत्रांच्या बाजूला फार वेळ घालवायची गरज नाही, पण विसरून चालत नाही. व्यवसायाचा मुख्य पत्ता बदलला की जीएसटी नोंदणीत तो १५ दिवसांत कळवावा लागतो. राज्यच बदललं तर तिथे नवी नोंदणी लागते. इंटरनेटची स्वतंत्र लाईन मागणी केल्यावर लगेच मिळत नाही, तिला आठवडे लागू शकतात, म्हणून तिचा अर्ज फर्निचरच्या आधी जायला हवा. महिनाअखेर, पगाराचा आठवडा आणि लेखापरीक्षण यांवर हलवण्याची तारीख पडू नये.

टीमसमोर प्रमुखाने काय बोलावं, यावर बरंच लिहिलं जातं. वरच्या उदाहरणांवरून एवढं दिसतं की ठरलेलं, न ठरलेलं आणि आपल्या हातात नसलेलं, असं तिन्ही वेगळं करून सांगितलं तर लोक वाईट बातमीही झेलतात. प्रमुखाने काही सांगितलं नाही तरी बातमी पसरतेच: चहाच्या टपरीवर, लोकलच्या डब्यात, विपर्यस्त होऊन. आणि जो येणार नाही असं सांगतो त्याला त्या क्षणापासून परका मानू नये. उरलेल्या महिन्यांत त्याच्याकडूनच सगळ्यात जास्त शिकून घ्यायचं असतं आणि सन्मानाने वागवलेला माणूस ते मनापासून शिकवतो.

यंदा ज्यांच्या टीमचा पत्ता बदलणार आहे त्यांनी सामान बांधणाऱ्यांना बोलावण्याआधी तीन गोष्टी कागदावर आणाव्यात: प्रत्येक माणसाचा नवा प्रवास, प्रत्येक कामाचा दुसरा जाणकार आणि पुढच्या तीन महिन्यांत जी कामं करायची नाहीत त्यांची यादी. ही तिसरी यादी वरिष्ठांकडून सही करून घ्यावी, कारण ते काम का झालं नाही हा प्रश्न विचारायला पहिल्यांदा तेच येतात.